शरणपूरचे पाद्री जोन्स

नाशिकमध्ये कुणी ‘शरणपूर रोडला भेटू’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते कॅनडा कॉर्नर, महापालिकेचं राजीव गांधी भवन, दुकानं, क्लासेसचे बोर्ड आणि सिग्नलला अडकलेली ट्रॅफिक. रोडच्या आधी जे ‘शरणपूर’ लागतं, त्याचा विचार फारसा कुणी करत नाही. ते एका गावाचं नाव होतं. चर्च मिशनरी सोसायटी, म्हणजे सीएमएस या इंग्रजी प्रॉटेस्टंट मिशनचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ साली नाशिक शहराबाहेर एक ख्रिस्ती वस्ती उभी केली आणि तिला मराठी नाव दिलं. शरण आलेल्यांचं पूर. त्या काळात एखाद्याने बाप्तिस्मा घेतला की घर सुटायचं, विहीर सुटायची, धंदा सुटायचा, लग्नाची बोलणी थांबायची. अशा माणसाला राहायला जागा आणि हाताला काम हवं, एवढा साधा हिशेब त्या गावामागे होता. शरणपूरचं सेंट अँड्र्यूज चर्च आजही तिथे आहे.

पण या गावात शरण आलेले सगळेच काही नाशिक-नगरकडचे नव्हते. १८६०च्या दशकात शरणपूरच्या शाळेत काळी आफ्रिकन मुलं आणि मुली शिकत होती. कुणी याओ, कुणी न्यासा सरोवराच्या पलीकडचं. त्यांना सुतारकाम आणि लोहारकाम शिकवलं जायचं. त्यांच्या कानांवर मराठी आणि हिंदुस्थानी पडायची, शाळेत इंग्रजी असायची. त्यांच्यापैकीच एकाची, विल्यम जोन्सची, ही गोष्ट आहे.

जोन्स हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तो याओ होता, आजच्या मलावी-मोझांबिक भागातला. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापारात सापडला. त्या व्यापाराचा रस्ता ठरलेला असायचा. आतल्या मुलखात माणसं पकडायची, किंवा दुष्काळात धान्याच्या बदल्यात घ्यायची, त्यांना चालवत किनाऱ्यावर आणायचं, गलबतात कोंबायचं आणि झांझिबार किंवा मस्कतच्या बाजारात विकायचं. ब्रिटिश आरमार ही गलबतं अडवत असे. अडवली की पुढचा प्रश्न यायचा. सुटलेल्या माणसांचं करायचं काय? ज्या किनाऱ्यावरून आणली तिथे सोडली तर आठवड्याभरात पुन्हा विकली जातील. म्हणून त्यांना एडन, सेशेल्स, मॉरिशस आणि मुंबईला उतरवलं जाई. मुंबईत मोठी माणसं गोदीत, जहाजांवर, घरकामाला लागायची आणि मुलं मिशनच्या हवाली केली जायची.

आफ्रिकेतून आलेला माणूस महाराष्ट्राला नवा नव्हता. मलिक अंबर आपल्याला माहीत आहे, जंजिऱ्याचे सिद्दी माहीत आहेत. पण ते सरदार होते, त्यांच्या हातात किल्ले होते. ही मुलं हात रिकामे ठेवून आलेली. मुंबईत कार्ल विल्हेल्म इझेनबर्ग नावाच्या जर्मन मिशनऱ्यांनी त्यांच्यासाठी आसरा चालवला. इझेनबर्ग आधी अबिसिनियात, म्हणजे इथिओपियात होते, आणि तिथे त्यांचे सोबती होते लुडविग क्राप्फ. पुढे हेच क्राप्फ मोम्बासाला गेले आणि त्यांनी राबाईच्या टेकडीवर मिशन सुरू केलं. मुंबईतली मुलं नाशिकला, प्राइस यांच्या शरणपुरात आली. हा धागा ध्यानात ठेवा. नाशिक आणि राबाई ही दोन ठिकाणं जोडली गेली ती या दोन जर्मनांच्या ओळखीमुळे.

मुलांना नावं मिळाली ती मिशनऱ्यांची आणि त्यांच्या मित्रांची. रिचर्ड इझेनबर्ग, सायमन प्राइस, कॅरस फरार अशी नावं पुढे इतिहासात येतात ती सगळी या पोरांची. नाशिकच्या सुरुवातीच्या मिशनऱ्यांत एक फरार होते, त्यांचं आडनाव एका आफ्रिकन मुलाला लागलं आणि ते लिव्हिंग्स्टनच्या मोहिमेच्या यादीत जाऊन बसलं. शरणपुरात एक मालक नव्हता, चाबूक नव्हता, पण स्वतःचं नाव सांगायची मुभाही फारशी नव्हती.

डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा भाग बऱ्याच जणांना माहीत असतो, म्हणून थोडक्यात. १८६५ साली ते मुंबईला आले. थळ घाटातली रेल्वे त्याच वर्षी सुरू झाली होती. शेवटच्या मोहिमेसाठी त्यांनी नाशिकच्या शाळेतून नऊ जण निवडले. मोहिमेच्या कागदांत त्यांना ‘नासिक बॉईज’ म्हटलं आहे. लिव्हिंग्स्टन त्यांच्यावर पुष्कळदा वैतागलेले दिसतात. पुढे १८७२मध्ये मदत म्हणून आणखी सहा नाशिककर पाठवले गेले, त्यांतला एक जेकब वेनराइट. १८७३च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारले. सोबत्यांनी त्यांचा देह सुकवून, गुंडाळून महिनोन् महिने चालत किनाऱ्यावर आणला. तिथल्या झाडावर मृत्यूची नोंद कोरणारा, प्रार्थना वाचणारा हा जेकब, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटी धरणाऱ्यांत उभा असलेलाही तोच.

विल्यम जोन्स या मोहिमेत नव्हता. तो आधीच गेला होता.

१८६४ साली राबाईला योहानेस रेबमान हे जर्मन मिशनरी जवळजवळ एकटे पडले होते. किलिमांजारोवर बर्फ आहे असं पहिल्यांदा युरोपला सांगणारे हेच ते रेबमान. विषुववृत्ताजवळ बर्फ कसं असेल म्हणून लंडनच्या विद्वानांनी त्यांची टर उडवली होती. त्यांच्या मदतीला नाशिकचे तिघे धाडण्यात आले. जॉर्ज डेव्हिड, इश्माएल सेमलर आणि विल्यम जोन्स. ज्या समुद्रावरून त्यांना माल म्हणून आणलं, त्याच समुद्रावरून ते पगारी माणसं म्हणून परत गेले.

‘परत गेले’ हा शब्द मात्र जरा जपून वापरायला हवा. जोन्स याओ, आणि राबाई त्याच्या मुलखापासून शेकडो मैलांवर. तिथले लोक वेगळे, बोली वेगळी. कपडे, इंग्रजी, जेवणखाण, टेबलावर बायबल, हे सगळं घेऊन आलेली ही आफ्रिकन माणसं तिथल्या आफ्रिकनांना परकी वाटली. त्यांना नाव पडलं ‘बॉम्बे’. मुंबईत ते हबशी होते आणि मोम्बासात बॉम्बे. आपल्याकडे दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या कुटुंबाला तिसऱ्या पिढीतही गावाच्या नावाने हाक मारतात, तसाच प्रकार.

१८७३ साली झांझिबारच्या सुलतानाला तिथला गुलामांचा बाजार बंद करायला ब्रिटिशांनी भाग पाडलं. ही बोलणी करायला गेलेले सर बार्टल फ्रिअर हे मुंबईचे माजी गव्हर्नर. त्यांनी नाशिकची आफ्रिकन वस्ती पाहिली होती आणि तीच कल्पना त्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यासाठी सुचवली. म्हणून १८७४च्या अखेरीस प्राइस स्वतः मोम्बासाला गेले. बेटासमोरच्या जमिनीवर त्यांनी नवी वस्ती बसवली, फ्रिअर टाउन. हिंदुस्थानातून सुमारे दीडशे ‘बॉम्बे’ तिथे आले. गलबतांवरून सोडवलेली शेकडो माणसं आता मुंबईऐवजी इथे उतरू लागली. गुलाम पकडणारे चालून आले तर लोकांना सावध करण्यासाठी एक घंटा टांगली होती. मोम्बासातल्या त्या भागाला आजही केंगेलेनी म्हणतात, घंटेची जागा. थोडक्यात सांगायचं तर आधी शरणपूर झालं आणि त्याचा नमुना घेऊन मोम्बासाचं फ्रिअर टाउन झालं. आपल्या शहराच्या इतिहासात ही ओळ मला कधी ठळक छापलेली दिसली नाही.

या वस्तीचं चित्र फार गोड रंगवण्यात अर्थ नाही. सोडवलेल्या माणसांनी वेळेवर उठावं, वेळेवर काम करावं, वेळेवर प्रार्थनेला यावं, असा गोऱ्या अधीक्षकांचा आग्रह असे, आणि न ऐकणाऱ्याला फटके बसत. १८८१च्या सुमारास या फटक्यांची चौकशी होण्याइतकं प्रकरण वाढलं. ‘बॉम्बे’ लोक यात मधल्या मधे सापडलेले. मुकादमी, शिकवणं, दुभाषेपणा, प्रवचन हे सगळं तेच करणार, पगार आणि मान मात्र कालच विलायतेहून उतरलेल्या तरुण मिशनऱ्याला जास्त.

जेम्स हॅनिंग्टन हे बिशप म्हणून १८८५च्या सुरुवातीला आले तेव्हा परिस्थिती ही होती. त्यांनी एक मोठी गोष्ट केली. ३१ मे १८८५, त्रैक्याचा रविवार. त्या दिवशी त्यांनी जोन्स आणि सेमलर यांना डीकन म्हणून दीक्षा दिली. डीकन ही पाद्रीपणाची पहिली पायरी. पूर्व आफ्रिकेतल्या सीएमएसच्या माणसांत दीक्षा मिळालेले हे पहिले आफ्रिकन. दोघेही नाशिकचे. तिघांतले जॉर्ज डेव्हिड यांनी राबाईत वर्षानुवर्षं काम केलं होतं, पण हा दिवस यायच्या आधीच ते वारले.

दोन महिन्यांच्या आत जोन्स बिशपबरोबर निघाले. २३ जुलै १८८५ रोजी राबाईहून सुमारे दोनशे हमालांचा तांडा युगांडाकडे निघाला. नेहमीची वाट दक्षिणेकडून, सरोवराला वळसा घालून जायची. हॅनिंग्टन यांनी मसाई मुलखातून जाणारी जवळची वाट धरली. अंतर कमी, हवा बरी. पण युगांडाच्या दरबारात पूर्वेकडून, बुसोगाच्या बाजूने येणाऱ्या परक्यांबद्दल आधीच धास्ती होती, आणि त्याच सुमारास जर्मन लोक किनाऱ्याकडची जमीन बळकावत असल्याच्या बातम्या तिथे पोचल्या होत्या. याची हॅनिंग्टन यांना कल्पना नव्हती.

आजच्या पश्चिम केनियातल्या मुमियास इथे, तेव्हाचं क्वा सुंडू, बिशपांनी तांडा दोन भागांत वाटला. पन्नास माणसं घेऊन ते पुढे गेले आणि बाकीच्यांना जोन्सच्या ताब्यात देऊन तिथेच थांबायला सांगितलं. २९ ऑक्टोबरला युगांडाचा राजा म्वांगा याच्या हुकुमावरून हॅनिंग्टन यांना मारण्यात आलं. त्यांच्याबरोबरच्या पन्नासांपैकी चार जण वाचले.

जोन्सना हे नोव्हेंबरमध्ये कळलं. हाताशी दीडशेच्या आसपास माणसं, सामान संपत आलेलं, साहेब मेलेला, आणि किनारा कित्येक आठवड्यांच्या वाटेवर. पुढे जाणं म्हणजे मरण. लगेच मागे फिरणं म्हणजे जखमी, वाट चुकलेलं कुणी येत असेल तर त्याला सोडून जाणं. ते काही आठवडे तिथेच थांबले. कुणी येत नाही असं दिसल्यावर तांडा मागे वळवला. या सगळ्या काळात ते रोजनिशी लिहीत होते. हॅनिंग्टन यांच्यावर इंग्लंडमध्ये पुढे जी चरित्रं निघाली, त्यांत शेवटच्या प्रवासाचा काही भाग या रोजनिशीच्या आधारे लिहिलेला आहे. प्रवासाचा तो भाग इंग्लंडला वाचायला मिळाला तो नाशिकच्या शाळेत लिहायला शिकलेल्या हाताने.

४ फेब्रुवारी १८८६ रोजी तांडा राबाईला पोचला. पुढे एक निळं निशाण होतं आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द, ‘ईखाबोद’. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातलं हे नाव. युद्ध हरल्याची आणि माणसं मेल्याची बातमी ऐकून बाळंत होणारी एक बाई आपल्या मुलाचं नाव ईखाबोद ठेवते, म्हणजे वैभव निघून गेलं. टेकडीवर वाट बघणाऱ्यांना बातमी कळायला तेवढं पुरलं.

इंग्रजी पुस्तकांत जोन्स येतात ते या सहा महिन्यांसाठी आणि त्या निशाणासाठी. बिशपांचा विश्वासू मदतनीस, एवढीच त्यांची जागा. मला मात्र त्यांचं खरं काम राबाईतलं वाटतं. तिथे निशाण नव्हतं, आणि मिशनच्या नजरेत तर ते कामच अडचणीचं होतं.

मोम्बासाचा किनारा तेव्हा झांझिबारच्या सुलतानाच्या ताब्यात होता. गुलामांचा बाजार आणि समुद्रातली ने-आण बंद झाली होती, पण गुलाम बाळगणं कायदेशीर होतं. किनाऱ्यावरच्या शेतमळ्यांवर ते राबायचे आणि संधी मिळाली की पळायचे. मग ते जाणार कुठे? डोंगरात पळालेल्यांनी स्वतःची एक वस्ती केली होती, फुलादोयो. तिचा म्होरक्या डेव्हिड कोई ख्रिस्ती होता. १८८३ साली हल्ल्यात त्याला ठार मारलं गेलं. त्यानंतरच्या वर्षी किनाऱ्यावर मोठा दुष्काळ पडला आणि भुकेपायी माणसं पुन्हा विकली जाऊ लागली. राबाईच्या टेकडीवर मिशन होतं, जमीन होती आणि तिथला कारभार बघणारा माणूस स्वतः गुलामांच्या व्यापारातून सुटलेला होता.

मिशनचा नियम असा की पळून आलेल्या गुलामांना थारा द्यायचा नाही. ब्रिटिश कॉन्सलला तसा शब्द दिलेला होता आणि गुलामांच्या मालकांशी भांडण परवडणारं नव्हतं. याचा अर्थ नीट बघा. युद्धनौकेवरून उतरलेला गुलाम हा मुक्त माणूस, त्याला घर द्यायचं, शाळेत घालायचं, त्याच्या नावाने इंग्लंडमध्ये वर्गणी गोळा करायची. आणि रात्रभर चालत, पायाला काटे टोचून टेकडीवर आलेला गुलाम हा दुसऱ्याचा चोरीला गेलेला माल. दोघांचं दुःख एकच, पण आरमाराच्या रजिस्टरमध्ये फक्त एकाची नोंद. जोन्स स्वतः शरणपूरला पोचले ते पहिल्या रांगेतून. राबाईला त्यांच्यासमोर उभी राहत होती ती दुसरी रांग.

त्यांनी लोकांना राहू दिलं. खणायला जमीन दिली, झोपड्या बांधू दिल्या, धर्मशिक्षणाच्या वर्गात बसवलं. १८८०च्या दशकात राबाईची वस्ती फुगत गेली. मिशनच्या आकड्यांत ते यश म्हणून दिसत होतं, भरलेलं चर्च, वाढणारे बाप्तिस्मे. ही माणसं नेमकी आली कुठून, हा प्रश्न बराच काळ मोठ्याने विचारला गेला नाही.

तो १८८८ साली विचारला गेला. इम्पीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनी मोम्बासात कारभार सुरू करणार होती, आणि तिचे प्रतिनिधी जॉर्ज मॅकेन्झी उतरले तेव्हा किनाऱ्यावरचे अरब आणि स्वाहिली मालक संतापलेले होते. आमची माणसं पाद्र्यांनी लपवली आहेत, देत नसाल तर आम्ही येऊन नेतो, असा सूर होता. सीएमएसने या पेचासाठी पुन्हा प्राइस यांनाच मोम्बासाला पाठवलं होतं. शरणपूर वसवणारे तेच प्राइस, आणि त्यांच्यासमोर शरणपूरचाच विद्यार्थी. ही त्यांची आफ्रिकेतली तिसरी फेरी. त्यावर त्यांनी १८९० साली एक पुस्तकही लिहिलं. मोजणी झाली तेव्हा प्राइस यांना धक्काच बसला. राबाईत नुसते दहावीस नव्हे, शेकडो पळून आलेले लोक होते.

आता नियमाप्रमाणे वागायचं तर या माणसांना परत द्यायला हवं होतं. त्यांतली कित्येक वर्षानुवर्षं तिथे राहिलेली, लग्नं झालेली, मुलंबाळं असलेली, चर्चला येणारी. जोन्स यांनी नियम मोडला होता हे खरंच. पण तो मोडल्यामुळे मिशनसमोर असा प्रश्न उभा राहिला की त्याला सोयीचं उत्तर देऊन चालणार नव्हतं. ही माणसं मालकांना देणं म्हणजे इंग्लंडमध्ये तोंड दाखवायला जागा न उरणं.

मॅकेन्झी यांनी व्यापारी माणसाला सुचेल तोच मार्ग काढला. भरपाई. आसपासच्या मिशन वस्त्यांमधले मिळून सुमारे १,४०० जण मोजले गेले. कंपनी, ब्रिटिश सरकार आणि मिशनचे हितचिंतक यांनी पैसे उभे केले आणि मालकांना दिले. १ जानेवारी १८८९ रोजी राबाईत समारंभ झाला आणि एकेकाच्या हातात मुक्ततेचा कागद पडला. मालकांना पैसे, गुलामांना कागद. ज्यांनी वर्षानुवर्षं फुकट राबवून घेतलं त्यांनाच नुकसानभरपाई मिळाली, हे आपल्याला आज खटकतं आणि खटकायलाच हवं. तरी त्या दिवशी टेकडीवर उभ्या असलेल्या बाईच्या दृष्टीने बघितलं तर उद्यापासून कुणी तिला ओढून नेऊ शकणार नव्हतं.

या कागदांचं श्रेय मॅकेन्झी यांच्या नावावर लागतं, काही प्राइस यांच्या. पण कागद द्यायला टेकडीवर माणसं असावी लागतात. ती तिथे होती, कारण आधीच्या वर्षांत जोन्स यांनी त्यांना परत पाठवलं नव्हतं.

१८९५ साली बिशप टकर यांनी जोन्स आणि सेमलर यांना पूर्ण पाद्री केलं. डीकन झाल्यानंतर दहा वर्षांनी. तोवर काळ बदलला होता. केनियाचा मुलूख त्याच वर्षी ब्रिटिशांच्या थेट अमलाखाली आला, दुसऱ्या वर्षी मोम्बासाहून रेल्वेचे रूळ पडू लागले आणि हिंदुस्थानातून मजूर, कारकून, दुकानदार भरभरून उतरू लागले. मुंबईहून आलेला म्हणजे आता हिंदी माणूस. मुंबईहून आलेल्या आफ्रिकन ‘बॉम्बें’ची गरज कमी होत गेली. दुभाषी नवे मिळाले, शिक्षक विलायतेतून येऊ लागले. पगार, मान आणि निर्णयातला वाटा यांवरून जुन्या आफ्रिकन कार्यकर्त्यांचे मिशनशी खटके उडत राहिले. जोन्सही त्याला अपवाद नव्हते. ज्यांच्याकडून ते ‘माणसं सगळी सारखी’ हे शिकले, त्यांच्याशीच त्यांना ते वाक्य घेऊन भांडावं लागलं.

फ्रिअर टाउनमध्ये या लोकांची पुढची पिढी वाढली. तिथल्याच एका सुटलेल्या गुलामाचा मुलगा, जेम्स म्बोटेला, याने १९३४ साली स्वाहिलीत ‘उहुरू वा वातुम्वा’, म्हणजे गुलामांची मुक्तता, हे पुस्तक लिहिलं. लिव्हिंग्स्टनच्या मोहिमेतला नाशिककर मॅथ्यू वेलिंग्टन मोम्बासात १९३५ सालापर्यंत जिवंत होता. २००७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ या नावाने या माणसांवर प्रदर्शन भरवलं.

मोम्बासाच्या किनाऱ्यावर गुलामगिरीला कायद्याचा आधार उरला नाही तो १९०७ साली. राबाईत कागद वाटले त्यानंतर अठरा वर्षांनी.